मॅडम, त्या पॅडमध्ये जाळी होती

मॅडम, तुमच्या तेरवीला मी जेवलो नाही. पानावर बसलो, वरणभातात बोटं फिरवली, आणि तुमच्या भावाला दिसू नये म्हणून पुरी भाताखाली लपवली. वाढायला आपले विद्यार्थीच होते. पुऱ्यांची टोपली दीपेशच्या हातात. तो माझ्यासमोर वाकला आणि म्हणाला, "मास्टरजी, आपने तो कुछ लिया ही नहीं." मी हातानेच नको म्हटलं. मान वर करून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

पंगतीत सगळे तुमच्याबद्दलच बोलत होते. मॅडमची नजर कधी चुकली नाही, मॅडमनी ज्याला पास केलं त्याचा हात कधी थरथरला नाही. मी ऐकत होतो. तुमची नजर एकदा चुकली होती, आणि ती मी चुकवली होती, हे त्या मांडवात मला एकट्याला ठाऊक होतं.

तेरवी सोमवारी होती. शुक्रवारी दीपेशच्या लॉगबुकवर शेवटची सही व्हायची होती, आणि त्या लॉगबुकात तुमच्या अक्षरात लिहिलेलं होतं की या मुलाच्या हाती अजून टाके देऊ नयेत. ते पान तसंच राहिलं तर त्याला सर्जरीची इंटर्नशिप पुन्हा पहिल्यापासून करावी लागणार होती. तुमची टाके शिकवायची लॅब आता तिवारी सरांकडे आहे. ते सगळ्यांना एकच सांगत होते, मैडम की लिखी बात मैं कैसे काटूँ. तुम्ही असतात तर तुमच्याशी भांडून ते पान कोणी बदलून घेतलं असतं. गेलेल्या माणसाशी कोण भांडणार? ते पान खोडू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो पुरी लपवून बसला होता.

मॅडम, तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलं ते विजय नगरच्या दुकानात. तुमच्या स्कूटरची सीट फाटली होती. मी दर्यापूरकडचा, नववीत शाळा सुटली ती सुटलीच, मामाच्या हाताखाली सीट कव्हर शिवायला लागलो आणि मामाच्या मागे जबलपूरला आलो. सीटच्या कोपऱ्यावर मशीन चालत नाही, तिथे वाकडी सुई घेऊन हातानेच शिवावं लागतं. तुम्ही खुर्चीवर बसायचं सोडून माझ्या डोक्यावर येऊन उभ्या राहिलात. मला वाटलं, कामात खोट काढणार. मी वैतागून माझ्याशीच काहीतरी पुटपुटलो, ते वऱ्हाडीत निघालं.

"मराठी आहेस होय रे तू?" तुम्ही म्हणालात. "मग इतका वेळ हिंदीत काहून झगडून राहिला माझ्याशी?"

आणि मग विचारलंत, मला एक कातडं करून देशील का, माणसाचं. मी सुई ठेवून दोन पावलं मागे सरकलो होतो, हे तुम्ही पुढे प्रत्येक बॅचला हसून सांगायच्या.

तुमची लॅब म्हणजे काय हे मला तिथे जाऊन कळलं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी तुम्ही सांगायच्या, इथे कोणी पेशंट नाही, म्हणून सगळ्या चुका इथेच करून घ्या, वॉर्डात चुकायची मुभा नाही. त्या चुकांसाठी लागणारं सामान करायचं हे माझं काम. खाली लाल रेग्झिन म्हणजे स्नायू, त्यावर पिवळा स्पंज म्हणजे चरबी, आणि वर पातळ ओतलेलं रबर म्हणजे कातडं. या तीन थरांचा पॅड. मुलं तो ब्लेडने कापणार, आणि मग शिवणार.

एकदा तुम्ही मलाच वर्गासमोर उभं केलं. सुई कशी धरतोस ते दाखव म्हणालात. मी सांगितलं की सुई ढकलायची नसते, मनगटाने फिरवायची असते, ती आपल्या वळणाने आपणच बाहेर येते. मागून कोणीतरी म्हणालं, अब सीट कवर वाला सर्जरी सिखाएगा. तुम्ही वळूनही पाहिलं नाही. "हाँ, सिखाएगा. और तू खड़ा होके सीखेगा." तो मुलगा पूर्ण तास उभा होता. त्या दिवसापासून मी सगळ्यांचा मास्टरजी झालो. नववीची परीक्षा न दिलेला माणूस, आणि पांढरे कोट घातलेली मुलं दारातून विचारतात, मास्टरजी, अंदर आ जाएँ? गावी फोनवर हे सांगितलं तेव्हा आईला खरं वाटलं नाही.

पण मॅडम, आज मी आभार मानायला लिहीत नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, ते आधी.

भांडण जुनंच. मी पॅड नीट करायला बघायचो आणि तुम्ही म्हणायच्या, इतका नीट नको. टाका ओढल्यावर कातडं थोडं फाटलंच पाहिजे. मला ते पटायचं नाही. माझ्या धंद्यात शिवण उसवली म्हणजे इज्जत गेली. ग्राहक बसला आणि सीट टरकली तर तो दुकानात येऊन चार लोकांत बोलतो. एकदा मी अगदीच अडून बसलो तेव्हा तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "मास्टर, तुला वाटते वस्तू चांगली व्हावी. मला वाटते ती माणसासारखी व्हावी. यातलं माझं ऐकायचं." मी ऐकलं. तोंडाने ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात नवी बॅच जोरात होती. एका तासात पॅडच्या चिंध्या. मी स्टोअरमध्ये पुन्हा रबर मागायला गेलो तर तिथले बाबू सगळ्यांसमोर म्हणाले, "क्यों मास्टरजी, पैड बनाते हो कि पापड़?" लोक हसले. मीही हसलो. पण मॅडम, ते मला लागलं. खोलीवर आलो, जुनी मच्छरदाणी पडली होती, तिचे तुकडे कापले आणि नव्या पॅडमध्ये रबराच्या खाली, स्पंजच्या वर, एकेक तुकडा चिकटवून टाकला. वरून काही दिसत नव्हतं. बोटाला लागत नव्हतं. आणि टाका कितीही ओढा, कातडं फाटत नव्हतं.

तुम्ही आठवड्याने आलात, मुलांचे टाके पाहिलेत आणि म्हणालात, यंदा मुलांचे हात लवकर बसले रे. तुम्ही खुश होत्या. तेव्हाच सांगायचं होतं. मी चहा आणायला गेलो.

दीपेश त्याच बॅचचा. तुम्हाला आवडायचा, कारण तो गाठ मारताना बोलायचा नाही. इंटर्नशिपला लागला आणि कॅज्युअल्टीत जवळच्या पनागर गावची एक म्हातारी आली. गोठ्याच्या दारात पडून हाताचं कातडं सोललं होतं. त्याने टाके घातले, स्वच्छ, एकसारखे, पॅडवर घालायचा तसेच घट्ट. चौथ्या दिवशी म्हातारी परत आली तेव्हा प्रत्येक टाक्याने कातडं कापत नेलं होतं, मधल्या कडा काळ्या पडल्या होत्या. तुम्ही स्वतः टाके काढलेत, पट्ट्या लावून कडा जवळ आणल्यात. आणि दुपारी दीपेशला लॅबमध्ये बोलावलंत.

त्याला तुम्ही ओरडल्या नाहीत, तेच वाईट होतं. हळू आवाजात म्हणालात की तुझे हात ऐकत नाहीत, कातडं सांगत होतं आणि तुझ्या हातांनी ऐकलं नाही. मग पॅड समोर ठेवलात. बाँध. त्याने बांधलं. एकही चूक नाही. पुन्हा बाँध. पुन्हा तसंच. तुम्ही गोंधळलात, आणि गोंधळलात की तुम्हाला राग येतो. रोज त्याला बोलवायच्या, रोज तो बरोबर बांधायचा, आणि रोज तुमचा त्याच्यावरचा विश्वास कमी व्हायचा. इथे बरोबर आणि तिथे चूक, म्हणजे हा पोरगा पेशंटवर निष्काळजी होतो, असं तुम्ही ठरवलंत. लॉगबुकात लिहिलंत.

मी कोपऱ्यात रेग्झिन कापत होतो. त्या दिवशी तो जाताना माझ्यापाशी थांबला. "मास्टरजी, मैंने तो वैसे ही बाँधा था जैसे यहाँ बाँधता हूँ."

तो तक्रार करत नव्हता. नुसतं सांगत होता. माझ्या हातातली कात्री रेघ सोडून गेली.

त्यानंतर एका संध्याकाळी मुलं गेल्यावर तुम्ही एकट्याच आलात. टेबलावरचा पॅड उचललात, दोन बोटांच्या चिमटीत कातडं धरलंत आणि ओढलंत. परत ओढलंत. मी रेग्झिनची घडी घालत राहिलो.

"मास्टर, यात काही बदललं का तू?"

"नाही मॅडम."

मॅडम, मी हे उत्तर ठरवून दिलं नव्हतं. ते आधीच तोंडात येऊन बसलं होतं. डोक्यात एकच, की मी इथे कागदावर कोणी नाही, तुमच्या शब्दावर आहे, तुमचा शब्द गेला की नववी सोडलेल्याला कोण ठेवणार. तुम्ही पॅड खाली ठेवलात, पर्स घेतलीत. "अच्छा. चलो," म्हणालात आणि गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाले.

तुम्हाला कळलं होतं का? हे मी किती वेळा स्वतःला विचारलं, मोजलं नाही. कळलं असेल आणि मी सांगेन म्हणून तुम्ही एक रात्र थांबल्या असाल, तर त्या रात्री मी काय केलं? कळलं नसेल, तर तुम्ही एका चांगल्या हातावर फुली मारून गेलात, माझ्यामुळे. दोन्हीपैकी कोणतं बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. तुमच्यावर रागही येतो. ओढून पाहिलंत तर फाडून का नाही पाहिलंत? ब्लेड समोर पडलेलं होतं.

तेरवीच्या संध्याकाळी बायकोला फोन लावला, सगळं सांगितलं. शारदा म्हणाली, "बाई गेल्या. आता कोन इचारते तुमाले? गप राहा." ती घाबरली होती. तिचं खोटं नाही. पोरगी दहावीला आहे, माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे गेली आहे आधीच. मी गप राहतो म्हणालो.

मंगळवारी गप राहिलो. बुधवारी सकाळी पनागरच्या बसमध्ये बसलो. काहून बसलो ते मला नीट सांगता येणार नाही. कापड न बघता मी कधी काम घेतलं नाही, आणि हे कापड मी पाहिलंच नव्हतं, एवढंच मनात होतं.

म्हातारी दारात मटार सोलत बसली होती. लॅबमधून आलो, हात बघायला, असं सांगितलं. तिने लगेच बाही वर केली. जखम भरली होती, वेडीवाकडी, चमकणारी, पण भरली होती. जखमेशेजारचं चांगलं कातडं मी तिला विचारून बोटाने हलवून पाहिलं. मॅडम, ते जागच्या जागी सरकत होतं. खाली काही धरून ठेवायला नाही, जसं भिजलेल्या कागदावर दुसरा भिजलेला कागद. मी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं, किती ताणलं की पांढरं पडतं ते पाहिलं. ती मला बघत होती.

"काए भैया, कपड़ा परख रए का?"

मी हो म्हणालो. ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली की वो डाक्टर लड़का बहुत अच्छा है, हर हफ्ते फोन करता है, उसको बोलो फिकर न करे. दीपेश तिला फोन करतो हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. तो निष्काळजी पोरगा दर आठवड्याला पनागरला फोन करत होता. येताना तिने मटाराची पिशवी दिली आणि मी ती मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो, आणि मला समजलं की आता गप राहणं माझ्या हातात राहिलं नाही.

गुरुवारी दिवसभर नवा पॅड करत बसलो. रबर इतकं पातळ ओतलं की दोनदा उचलतानाच फाटलं. स्पंजला चिकटवलंच नाही, मध्ये ओला टिश्यू ठेवला. वरचं रबर म्हातारीच्या कातड्यासारखं सरकायला लागलं तेव्हा थांबलो.

शुक्रवारी तिवारी सरांच्या खोलीत गेलो. जुना पॅड टेबलावर ठेवला, त्यांच्यासमोर ब्लेडने कापला, वरचं रबर उलटं सोललं आणि मच्छरदाणीचा तुकडा बाहेर ओढला. तो जागोजागी चिकटलेला होता, चरचर आवाज करत निघाला. सरांना आधी कळलंच नाही मी काय दाखवतोय. मग त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि जुन्या पॅडवरचे दीपेशचे टाके पाहिले.

"मैडम को पता था?"

मॅडम, एक क्षण माझ्यासमोर मोकळा रस्ता होता. हो म्हटलं असतं तर अर्धा भार तुमच्यावर गेला असता, आणि तुम्ही नाही म्हणायला येणार नव्हत्या. नोकरी बहुतेक वाचली असती.

"नहीं सर. उन्होंने पूछा था. मैंने झूठ बोला."

सरांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं आता हाकलतील. ते म्हणाले, ते पान आता असंच सोडता येणार नाही, पण खोडताही येणार नाही. हाथ भी तो उसी का था, असली चमड़ी पर उसे पता चलना चाहिए था. दीपेश नव्या पॅडवर त्यांच्यासमोर पुन्हा उभा राहील, मगच सही. आणि माझं काय करायचं ते वर विचारून सांगतील, अभी कुछ नहीं बोल सकता. अजून काही बोललेले नाहीत. हे लिहितोय तेव्हाही नाहीत.

तुम्ही असतात तर सरांशी इथेच वाद घातला असता. हात त्याचा होता, पण त्या हाताला घडवलं कोणी? मग माझ्याकडे वळल्या असत्या आणि मला सोडलं नसतं. ते बोलणं मला हवं होतं. इतकं हवं होतं की सरांच्या खोलीतून निघताना मी दाराशी थांबलो, कोणी हाक मारेल म्हणून.

दीपेशला मीच सांगितलं. लॅबमध्ये, उभ्यानेच, सगळं. तो ऐकत राहिला. रडेल, ओरडेल असं वाटलं होतं. त्याने चष्मा पुसला.

"तीन हफ्ते मास्टरजी. तीन हफ्ते मैं सोचता रहा कि मेरे हाथ में ही कुछ ख़राबी है. आप वहीं बैठे थे."

मी तिथेच बसलो होतो. माफी मागितली नाही, कारण मागितली असती तर त्याला दिल्यासारखं करावं लागलं असतं. तो दारापर्यंत गेला. मग परत आला, स्टूल ओढलं आणि नवा पॅड समोर घेतला.

पहिल्याच गाठीला कातडं फाटलं. दुसऱ्याला फाटलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. तिसऱ्या वेळी तो ओढत असताना मला कडा पांढऱ्या पडताना दिसल्या आणि माझ्या तोंडून निघालं, "और ढीला." मॅडम, इतक्या वर्षांत मी सुई कशी धरायची ते सांगितलं असेल, पण गाठ किती ओढायची हे कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं.

"इससे ढीला तो खुल जाएगा," तो पॅडकडे बघतच म्हणाला.

"नहीं खुलेगा. किनारे मिलने चाहिए बस. दबने नहीं चाहिए."

त्याने धागा सोडला. थोडा अजून सोडला. बोटं थांबली, जणू कोणी काही सांगतंय आणि ते ऐकायचं आहे. मग गाठ खाली नेली आणि ठेवून दिली. ओढली नाही. दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या, रबराचा रंग बदलला नाही. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. ते फाटलं नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हात तेवढा मागे केला आणि म्हणाला, "धागा."

मॅडम, मी दिला.